चितळकरांच्या संगीतांतील पितळी वाणी

संगीतकार सी. रामचंद्र यांचें नांव निघालें कीं मराठी रसिकांस १९५३ सालचा 'अनारकली' आठवतो, किंवा १९६३ सालीं दिल्लींत लता मंगेशकर यांनीं गाइलेलें तें देशभक्तिपर गीत आठवतें. ह्या कीर्तीविषयीं आमची कांहींच तक्रार नाहीं. परंतु तिच्या झळाळींत त्यांच्या पूर्वकाळांतील एक मोठें काम झांकून गेलें आहे. १९४७ च्या 'शहनाई'पासून १९५७ च्या 'आशा'पर्यंत त्यांनीं ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट ह्या फुंकून वाजविण्याच्या विलायती वाद्यांस जें स्थान दिलें, त्याची गणना आपल्याकडे बहुधा 'उडत्या चाली' ह्या सदरांत होते आणि तेथेंच विषय संपतो. हें मत आम्हांस मान्य नाहीं. तें कां मान्य नाहीं हें सांगण्यासाठीं वाचकांस आम्ही मुंबईच्या चित्रगृहांत न नेतां ठाणें जिल्ह्याच्या शहापूर-मुरबाड भागांत नेणार आहों.

तानसा आणि भातसा ह्या जलाशयांचें पाणी शहापूर तालुक्यांतून मुंबईस जातें. मुंबईचीं गाणीं त्याच्या उलट दिशेनें ह्या डोंगरांत येतात. तीं पूर्वीं विशेषेंकरून आलीं तीं लग्नाच्या बँडवाल्यांच्या तोंडून. आठ-दहा वादक, अंगावर विटलेला लाल डगला, पुढें ट्रंपेट व क्लॅरिनेट, मागें ढोल; उन्हाळ्याच्या रात्रीं अशी वरात मुरबाडच्या बाजूस आम्हीं अनेकदां पाहिली आहे. ह्या बँडाची एक रीत ध्यानांत घेण्याजोगी आहे. गाणाराचा मुखडा आणि अंतरा ते वाजवितात. मधल्या वाद्यवृंदाच्या जागा मात्र गाळून टाकतात, आणि तेवढा अवकाश ढोलाच्या ठेक्यानें भरून काढतात. ज्या गाण्यांत त्या जागा केवळ भरतीच्या असतात, तेथें कोणास चुकल्यासारखें वाटत नाहीं. पण 'अलबेला'मधील चितळकरांचें 'शोला जो भडके' वाजूं लागलें कीं ट्रंपेटवाला ती जागा सोडीत नाहीं. आणि त्यानें ती सोडलीच तर रस्त्याच्या कडेस उभे असलेले म्हातारे त्याच्याकडे पाहूं लागतात. शब्द गेले, गाणारा गेला, नट गेला, तरी जी जागा लोक मागून घेतात ती अलंकार म्हणून जडविलेली नसते. ती त्या रचनेचें अंग असते. वरातीचा बँड ही आमच्या मतें चालीची मोठी कठोर कसोटी आहे, आणि चितळकरांचीं हीं गीतें तींत उतरलीं आहेत.

हें कसें साधलें? रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १९१८ सालीं पुणतांब्यास झाला. त्यांचें शिक्षण पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखालीं झालें. म्हणजे पाया ख्यालगायकीचा. त्यांच्या ह्या कामांतील एक प्रमुख सहकारी अंतोनियो झेवियर वाझ यांचा जन्म १९१६ सालीं गोव्यांतील हळदोणें येथें झाला, आणि जगानें त्यांस 'चिक चॉकलेट' ह्या नांवानें ओळखलें. गोव्याच्या गांवोगांवच्या चर्चशाळांत मुलांस स्वरलेखन आणि वादन शिकवीत. त्या शिदोरीवर असंख्य गोमंतकीय वादक मुंबईस आले. १९३५ सालीं लिऑन ॲबी ह्यांचा अमेरिकन निग्रो वादकांचा संच ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला, आणि त्या परंपरेंतून जॅझचें वळण ह्या गोमंतकीयांनीं आत्मसात् केलें. चिक चॉकलेट पुढें त्याच ताजमहालांत स्वतःचा संच घेऊन उभे राहिले. १९५१ च्या 'अलबेला'मध्यें तर ते व त्यांचे वादक पडद्यावरही दिसतात.

ह्या दोन विद्या चितळकरांच्या गीतांत नुसत्या शेजारीं बसत नाहींत, त्या एकमेकींशीं बोलतात. 'शहनाई'मधील रविवारच्या भेटीच्या गाण्यांत सॅक्सोफोन आणि गिटार आहेत. पण तेथें त्यांचें काम विनोदाचें, विलायती नखरा दाखविण्याचें आहे. 'अलबेला'मध्यें बोंगो, ओबो, क्लॅरिनेट व ट्रंपेट ह्यांची योजना अशी झाली आहे कीं गाणाऱ्यानें टाकलेला प्रश्न वाद्यानें उचलावा. 'ईना मीना डीका'मध्यें तर शब्दांचा अर्थच काढून टाकला आहे. निरर्थक अक्षरांवर लय खेळविण्याची ही युक्ति जॅझचीही आहे आणि आपल्या तराण्याचीही आहे. तेथें किशोरकुमार यांचा कंठ वाद्याजवळ येतो व वाद्य कंठाजवळ येतें.

ह्या ठिकाणीं एक परदेशीय उदाहरण उपयोगी पडेल. १९६९ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहराच्या एका संचाची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. रॉक संगीतांत ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन ह्यांस गायकाच्या बरोबरीचें आसन दिल्यामुळें त्या संचाच्या आरंभींच्या कृतींचें आजही कौतुक होतें. पुढें मधुर प्रेमगीतांनीं त्याला अधिक लोकप्रियता मिळाली, पण पितळेचा तो करडा संवाद मंदावला. चितळकरांविषयीं मात्र आपण उलट न्याय लावतों: मधुर तेंच खरें, पितळी तें पोरकट. एकाच 'अलबेला'मध्यें अंगाईगीतही आहे आणि हीं नृत्यगीतेंही आहेत. एकाच कलावंताच्या एकाच वर्षाच्या ह्या दोन कृतींपैकीं एकीस घरांत घ्यावें आणि दुसरीस अंगणांत ठेवावें, ह्याला आधार काय?

दोष नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. १९५० च्या 'समाधी'मधील 'गोरे गोरे'ची चाल १९४५ सालच्या 'डॉल फेस' ह्या अमेरिकन चित्रपटांतील गाण्यावरून उचललेली आहे, आणि ती कितीही गोड लागली तरी त्या उसनवारीचें श्रेय चितळकरांस देतां येत नाहीं. दुसरा दोष त्यांचा एकट्याचा नाहीं, आपल्या सर्वांचा आहे. संगीतकारानें पेटीवर चाल सांगावी आणि गोमंतकीय साहाय्यकानें ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा हिस्सा वांटून द्यावा, अशी त्या काळची कामाची वहिवाट होती. मग ज्या जागेसाठीं मुरबाडचा म्हातारा थांबतो, ती जागा कोणाची? तबकडीवर ह्याचें उत्तर मिळत नाहीं. चिक चॉकलेट १९६७ सालीं वारले. मराठी संगीतसमीक्षेनें त्यांस आपल्या घरचा माणूस कधींच मानलें नाहीं, हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें.

शेवटीं एक प्रश्न उरतो. परक्या देशाचा हा पितळी स्वर ह्या डोंगरांतल्या लोकांस परका कां वाटला नाहीं? आमचें उत्तर असें कीं फुंकेची भाषा त्यांस आधींच येत होती. ठाकर व वारली वस्त्यांत तारपा वाजतो. वाळलेल्या भोपळ्यांत बांबूच्या दोन नळ्या बसवून पुढें ताडाच्या पानाचा कर्णा जोडलेलें तें वाद्य. तारपकरी श्वास न तोडतां वाजवितो, त्यानें चाल बदलली कीं त्याच्याभोंवतीं फेर धरणाऱ्यांचें पाऊल बदलतें. वाद्यानें हुकूम द्यावा आणि देहानें तो पाळावा, हा करार तेथें जुना आहे. ट्रंपेटनें त्या करारावर नवी सही केली, इतकेंच.

आज वरातींत बेंजो आला आहे आणि बेंजोच्याही पुढें ध्वनिक्षेपकांचे डोंगर आले आहेत. बँडवाल्यांस लग्नसराईंतही पूर्वीसारखें बोलावणें येत नाहीं. काळाशीं भांडण करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु यंत्र कधीं जागा गाळीत नाहीं, म्हणून ती जागा न गाळण्यांत वादकानें केलेली निवडही यंत्रांत ऐकूं येत नाहीं. दम संपत आला असतां, ओठ सुजले असतां, बिदागी ठरलेलीच असतां एक माणूस ती अवघड जागा पुरी वाजवितो. चितळकरांच्या आणि चिक चॉकलेटच्या कामावर ह्याहून चांगला अभिप्राय आम्हांस लिहितां येणार नाहीं. रसिकांनीं तीं जुनीं गीतें पुन्हां काढून ऐकावीं, आणि गाणारा थांबतो तेथें आपलें लक्ष काढून घेऊं नये, एवढीच आमची विनंति आहे.