दग्ध पुरुषाचें प्रायश्चित्त

पापी मनुष्य सुधारतो कीं नाहीं, हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे. परंतु तो सुधारला असें वाचकास पटतें कीं नाहीं, हा प्रश्न मात्र सर्वस्वी वाङ्मयाचा होय. वाल्या कोळ्याचा वाल्मीकि झाला ही कथा आपल्याकडे लहान मुलांसहि ठाऊक असते. ती पटते याचें कारण नारदाचा उपदेश नव्हे. आपल्या पापाचे वांटेकरी व्हाल काय, असें वाल्या घरीं जाऊन बायकामुलांस विचारतो आणि तीं साफ नकार देतात. त्या क्षणीं त्याच्या पायांखालची जमीन सरकते, आणि म्हणून पुढचें वारूळहि आपल्याला खरें वाटतें. पालट घडण्यापूर्वीं मनुष्याचा कोणता तरी आधार तुटावा लागतो, हें त्या कथाकारास पक्कें माहीत होतें.

हा विचार पुन्हा मनांत घोळूं लागण्यास निमित्त झाला तो एक व्हिडिओ गेम. या पृष्ठांवर काव्य, नाटक आणि कादंबरी यांचीच चर्चा वाचण्यास सरावलेल्या वाचकांच्या कपाळावर आठी पडेल हें आम्ही जाणून आहों. आमच्याहि कपाळावर ती होतीच. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटींत आलेल्या आमच्या भाच्यानें आम्हांस संगणकासमोर बसविलें आणि ‘मामा, परीक्षण लिहायचें नाहीं या बोलीवर एकदां खेळून पाहा,’ अशी गळ घातली. बोली मोडल्याबद्दल त्याची क्षमा मागून आम्ही पुढें लिहितों.

‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ हा खेळ अमेरिकेंतील ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या संस्थेनें रचला व बेथेस्डा सॉफ्टवर्क्स या संस्थेनें २०१० च्या ऑक्टोबरांत प्रसिद्ध केला. त्याचें ‘ऑनेस्ट हार्ट्स’ नांवाचें पुरवणी-प्रकरण २०११ च्या मे महिन्यांत निघालें. दोहोंचेंहि दिग्दर्शन जोशुआ सॉयर यांचें. कल्पना अशी कीं, २०७७ च्या २३ ऑक्टोबर रोजीं अणुयुद्ध होऊन जगाची राख झाली, आणि त्यानंतर दोनशें चार वर्षांनीं, मोजावीच्या वाळवंटांत, उरलेलीं माणसें पुन्हा राज्यें स्थापूं पाहात आहेत. खेळणारा हा या जगांतील एक जासूद. तो कोठें जाईल, कोणाशीं काय बोलेल, कोणास मारील अथवा सोडील, हें खेळणाऱ्यानें ठरवावयाचें असतें. आमचा विषय आहे तो त्या पुरवणींतील एका पात्राचा: जोशुआ ग्रॅहम.

हा ग्रॅहम मूळचा मॉर्मन पंथाचा धर्मप्रचारक, आणि निरनिराळ्या टोळ्यांच्या बोली शिकण्यांत निष्णात. ग्रँड कॅन्यनच्या मुलुखांत एडवर्ड सॅलो नांवाच्या एका विद्वान तरुणाबरोबर तो एका टोळीच्या हातीं सांपडतो. ती टोळी दुबळी आहे असें पाहून सॅलो तिला युद्धकला शिकवितो, शेजारच्या टोळ्या जिंकून घेतो, आणि रोमन इतिहासाच्या वाचनांतून ‘सीझर’ हें नांव धारण करून गुलामगिरीवर उभें असलेलें एक सैन्य निर्माण करतो. ग्रॅहम प्रथम केवळ दुभाषी. पुढें दुसऱ्याचे हुकूम भाषांतरित करतां करतां तो स्वतःच हुकूम देऊं लागतो, आणि शेवटीं त्या सैन्याचा सर्वांत क्रूर सेनापति होतो. अधःपाताची ही पायरी-पायरीनें उतरणारी रीत आम्हांस फार मार्मिक वाटली. राक्षसाचा जन्म दांत विचकून झाला नाहीं. तो झाला एका सुशिक्षित मनुष्याच्या, ‘मी फक्त अर्थ सांगतों आहें,’ या समजुतींतून. शब्दांवर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांस ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

२२७७ मध्यें हूव्हर धरणाच्या पहिल्या लढाईंत ग्रॅहमचा पराभव होतो. शिक्षा म्हणून सीझर त्याला डांबर फांसून, पेटवून, ग्रँड कॅन्यनच्या दरींत फेंकून देववितो, आणि त्याचें नांवसुद्धां उच्चारण्यास बंदी करतो. परंतु हा मनुष्य मरत नाहीं. जळालेल्या देहानें तो न्यू केननला, आपल्या जन्मगांवीं, परत येतो. आणि ज्यांचें नांव त्यानें काळें केलें ते त्याचे स्वजन त्याला पोटाशीं धरतात. वाल्याच्या कथेच्या हें नेमकें उलट आहे. तेथें घरच्यांनीं हात झाडले म्हणून मनुष्य जागा झाला. येथें घरच्यांनीं हात पुढें केला म्हणून. यानंतर ‘व्हाइट लेग्ज’ नांवाची टोळी सीझरच्या सैन्यांत प्रवेश मिळावा म्हणून त्याच न्यू केननची राखरांगोळी करते. ग्रॅहमनें जें यंत्र उभारण्यास मदत केली, त्याच यंत्रानें त्याचें माहेर चिरडलें. शोकांतिकेच्या शास्त्रांत याहून घट्ट गांठ सांपडणें कठीण.

उरलेल्या लोकांनीं ज्या दरींत आश्रय घेतला ती झायन ही जागा काल्पनिक नाहीं. यूटा संस्थानांतील हें राष्ट्रीय उद्यान १९१९ मध्यें स्थापन झालें. व्हर्जिन नदीनें कोरलेले तांबडे कडे तेथें आजहि उभे आहेत. मोजावीच्या धुळींतून आलेल्या खेळणाऱ्यास येथें वाहतें पाणी, हिरवळ आणि प्रत्यक्ष पाऊस भेटतो. ग्रॅहमची पहिली भेट होते ती एका गुहेंत. अंगभर पट्ट्या गुंडाळलेला हा पुरुष मेजापाशीं बसून एकामागून एक पिस्तूल उचलतो, तपासतो, बाजूस ठेवतो, आणि अत्यंत शांत, शास्त्राभ्यासी वाणीनें आपल्याशीं बोलतो. त्या पट्ट्या त्याला नित्य बदलाव्या लागतात, आणि प्रत्येक वेळीं जुनी आग नव्यानें भोगावी लागते. मुखीं धर्मवचन आणि हातीं शस्त्र या एका चित्रांत लेखकांनीं सारें पात्र मांडलें आहे.

झायनमध्यें ‘सॉरोज’ नांवाची एक निरुपद्रवी टोळी राहाते, आणि व्हाइट लेग्ज तिच्यावर चालून येत आहेत. डॅनियल हा दुसरा धर्मप्रचारक म्हणतो, दरी सोडून जावें. रक्तानें या लोकांचे हात माखूं नयेत. ग्रॅहम म्हणतो, लढावें आणि शत्रूचा नायनाट करावा. वाद वरवर पाहतां अहिंसा विरुद्ध क्षात्रधर्म असा दिसतो, आणि त्या दृष्टीनें कोणा एकाची बाजू घेणें सोपें नाहीं. परंतु लेखकांचा खरा प्रश्न त्याच्या खालीं दडलेला आहे. ग्रॅहम लढूं म्हणतो तें दुबळ्यांच्या रक्षणासाठीं, कीं सेनापति ग्रॅहमला पुन्हा एकदां काम मिळालें म्हणून? धर्मयुद्ध हें प्रायश्चित्त आहे, कीं जुन्या व्यसनास मिळालेलें नवें, पवित्र नांव?

या प्रश्नाचा निकाल लागतो तो शेवटच्या प्रसंगीं. शत्रूच्या नायकाचें नांव ‘सॉल्ट-अपॉन-वूंड्स’, म्हणजे जखमेवरचें मीठ. तो पराभूत होऊन गुडघे टेंकून बसला आहे, आणि ग्रॅहमचें पिस्तूल त्याच्यावर रोखलेलें आहे. खेळणारा ग्रॅहमला अडवूं शकतो, किंवा अडवीत नाहीं. येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. पहिल्या खेपेस आम्हीं अडविलें नाहीं. ज्यानें एक सबंध गांव जाळलें त्याला ही शिक्षा योग्यच, असें मनाशीं म्हणून आम्हीं गोळी सुटूं दिली, आणि खोटें कशाला सांगा, आम्हांस समाधान वाटलें. इतकीं वर्षें वर्गांत दयेच्या थोरवीवर व्याख्यानें दिलेला हाच मनुष्य! मागें उभा असलेला भाचा कांहीं बोलला नाहीं. परंतु त्याचें तें न बोलणें आम्हांस रात्रभर ऐकूं येत होतें. पुढें निवेदन येतें कीं, त्या वधानंतर दग्ध पुरुषाची दहशत वाढतच गेली.

दुसऱ्या खेपेस आम्हीं त्याला थांबविलें. तेव्हां ग्रॅहम जें कबूल करतो तें या कृतीचें मर्म होय. आपल्याला सूडच हवा होता, आणि आपल्याच क्रोधाला आपण ईश्वराचा क्रोध असें नांव देत होतों, असें तो स्वतःच्या तोंडानें सांगतो. त्याचा खरा पालट येथें होतो. गांवीं परतल्यावर नव्हे, शास्त्र वाचून नव्हे. त्याचा शेवटला आधार, म्हणजे आपण धर्माच्या बाजूस आहों हा अभिमान, येथें तुटतो. वारुळाची खरी सुरुवात ही.

आतां दोष. पहिला दोष कलेचा आहे. या खेळांत ‘वक्तृत्व’ नांवाचा एक गुण असतो आणि त्याची इयत्ता शंभरपैकीं आंकड्यांत मोजलेली असते. ती पुरेशी असेल तर ग्रॅहमचें मन वळतें. नसेल तर तो मार्गच बंद. एका मनुष्याचा आत्मा दुसऱ्याच्या गुणपत्रिकेवर तरावा किंवा बुडावा, हें आम्हां परीक्षा घेणाऱ्यांसहि मानवणारें नाहीं. भाच्याचें म्हणणें असें कीं, प्रत्यक्ष जगांतहि योग्य वेळीं योग्य शब्द सुचणें हें सवयीचें व पूर्वतयारीचें फळ असतें. युक्तिवाद चतुर आहे, आणि अर्धा खराहि आहे. पण नारदानें वाल्यास वादांत जिंकलें नव्हतें. त्यानें त्याला घरीं पाठविलें होतें.

तथापि या दोषांतूनच या माध्यमाचें सामर्थ्यहि दिसून येतें. कथा वाचतांना आपण नारदाकडे आणि वाल्याकडे सारख्याच अंतरावरून पाहातों. येथें मात्र नारदाची भूमिका आपल्याला वठवावी लागते. आणि ती वठविणारे आपण कोण? गुहेपासून त्या शेवटच्या प्रसंगापर्यंत पोंचतांना आपणहि डझनावारी माणसें मारलेलीं असतात, प्रेतांचे खिसे चांचपलेले असतात. दया कर म्हणणाऱ्याचेच हात रक्तानें भरलेले! हा विसंवाद लेखकांनीं हेतुपुरःसर योजला कीं खेळाच्या प्रकृतीमुळें तो आपोआप आला, याचा निर्णय आम्ही करीत नाहीं. परिणाम मात्र आम्हांवर झाला.

दुसरा दोष अधिक गंभीर, आणि तो नीतीचा आहे. ग्रॅहमला क्षमा कोण करतो? त्याचे स्वजन. परंतु त्यानें ज्यांस गुलाम केलें, ज्यांचीं गांवें लुटलीं, त्यांतील एकहि मनुष्य त्याच्यासमोर येऊन उभा राहात नाहीं. मज्झिमनिकायांतील अंगुलिमाल भिक्षु झाल्यावर भिक्षेस जातो, तेव्हां लोक त्याला दगड मारतात. डोकें फुटून, पात्र भंगून, रक्तबंबाळ होऊन तो परत येतो, आणि बुद्ध त्याला सांगतात कीं, हें कर्माचें फळ आहे, सहन कर. अंगुलिमालाची शिक्षा त्यानें पीडलेल्या समाजाच्या हातून येते. ग्रॅहमची आग मात्र सीझरनें लावलेली. आणि तीहि पापाबद्दल नव्हे, तर पराजयाबद्दल! ज्या वेदनेस तो प्रायश्चित्त समजतो, ती वस्तुतः दुसऱ्याच अपराधाची शिक्षा आहे. लेखकांनीं हा धागा हातीं घेतला असता तर ही कृति कितीतरी खोल गेली असती.

तिसरा दोष ओघानें सांगतों. सॉरोज हे लोक आरंभापासून अखेरपर्यंत निरागस बालकेंच राहातात. त्यांनीं लढावें कीं निघून जावें, हें ठरवितात दोन धर्मप्रचारक आणि एक परका जासूद. ज्या देशानें परक्यांकडून ‘तुमच्या हिताचें’ म्हणून पुष्कळ कांहीं ऐकलें आहे, त्या देशांतील वाचकास हें खटकल्यावांचून राहाणार नाहीं.

याच दरींतील गुहांमधून एका जुन्या मनुष्याच्या नोंदी सांपडतात. रँडल क्लार्क हें त्याचें नांव. १९१९ चें हें उद्यान त्याला अणुयुद्धांत वांचवितें. बायको व मूल मात्र जातात, आणि आपण त्यांच्याबरोबर मेलों नाहीं हें शल्य त्याला जन्मभर टोंचत राहातें. त्याच्याहि हातून हत्या घडतात. उतारवयांत कांहीं अनाथ मुलें दरींत येतात. तो त्यांना तोंड न दाखवितां अन्न, औषधें व पुस्तकें ठेवून जातो. पुढें त्या मुलांचेच वंशज सॉरोज होतात, आणि गुहेंतील पिता म्हणून त्याला पूजतात. त्याला तें कधींच कळत नाहीं. ग्रॅहमच्या प्रायश्चित्तास युद्ध, ख्याति आणि श्रोते लागले. क्लार्कला एकहि साक्षीदार लागला नाहीं. आमच्या मतें या कृतींतील श्रेष्ठ पात्र हें, आणि पुष्कळ खेळणारे त्याच्या नोंदी न वाचतांच पुढें जात असतील याचें आम्हांस वाईट वाटतें.

या खेळांत हिंसा उघड व पुष्कळ आहे. तो लहान मुलांच्या हातीं देण्याजोगा नाहीं, हें पालकांस स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. परंतु घरांतील वयांत आलेला मुलगा किंवा मुलगी तो खेळत असेल, तर दाराशीं उभें राहून वेळेचा हिशेब विचारण्यापेक्षां जवळ खुर्ची ओढून बसावें, आणि शेवटच्या प्रसंगीं त्यानें काय केलें तें विचारावें. मात्र विचारणाऱ्यानें आपणहि काय केलें असतें तें सांगण्याची तयारी ठेवावी. आम्हांस तें भाच्याला सांगावयास दोन दिवस लागले.