हिरव्यातून पिवळ्यात

केशनळीत भरलेले सुईसारखे बारीक, झळझळीत हिरवे स्फटिक. हवेतला दमटपणा त्यांना सोसत नाही, म्हणून नळीचं तोंड बंद केलेलं. ती थर्मामीटरला बांधून पाण्यात सोडायची आणि पाणी मंद आचेवर तापवायचं. बराच वेळ काही घडत नाही. पन्नाशी ओलांडताना, 52-53 अंशांच्या सुमारास, हिरवा रंग विरत जातो आणि नळीभर पिवळा पसरतो. गार पाण्यात धरली की पुन्हा हिरवा. पदार्थाचं नाव लांबलचक, बिस-डायइथिलअमोनियम टेट्राक्लोरोक्युप्रेट. घटक मात्र मोजकेच. तांब्याचा एक आयन, त्याभोवती चार क्लोराइड आणि सोबतीला दोन सेंद्रिय आयन.

मला यात सर्वांत भावते ती काटकसर. पिवळ्यासाठी नवं काहीच आणावं लागत नाही. निळा-जांभळा प्रकाश हा स्फटिक एरवीही शोषतोच. त्यात तांब्याचे इलेक्ट्रॉन लाल प्रकाशही अडवतात, म्हणून मधला हिरवा तेवढा उरतो. तापल्यावर लाल अडवणारं शोषण अवरक्ताकडे सरकतं. लाल मोकळा होतो, हिरव्यात मिसळतो आणि डोळ्यांना पिवळा दिसतो.

हे सरकणं घडवतं कोण? तांब्याला चारही क्लोराइड जवळपास एकाच प्रतलात, चौकोनाच्या कोपऱ्यांवर मानवतात. पण ते सगळे ऋणभारित. त्यांचा ओढा एकमेकांपासून लांब, चतुष्फलकाच्या टोकांकडे पांगण्याचा. थंड असताना त्यांना आवरतात ते डायइथिलअमोनियम आयन. त्यांच्या नायट्रोजनवरचे हायड्रोजन क्लोराइडांशी बंध जोडतात, त्यांचा थोडा ऋणभार आपल्याकडे ओढतात आणि आपसातलं प्रतिकर्षण सौम्य करतात. उष्णतेनं हे आयन हलू-डुलू लागले की बंध सैलावतात, क्लोराइड पांगतात, चौकोन मुरडतो. रंग तांब्याचा खरा, पण त्याची किल्ली ज्याच्या हाती तो सेंद्रिय आयन स्वतः रंगहीन! या स्फटिकाला सेंद्रिय-असेंद्रिय हायब्रिड म्हणण्याचं सार्थक मला इथे दिसतं.

सौरघटांमुळे गाजलेल्या हायब्रिड पेरोव्हस्काइटांमध्ये बहुधा विषारी शिसं असतं. म्हणून शिसेविरहित पदार्थ म्हटला की तो नाइलाजाचा पर्याय वाटतो. या स्फटिकाला ते लागू नाही. तांब्याच्या या आयनाच्या डी-कक्षांत नऊच इलेक्ट्रॉन असतात, दहाव्याची जागा रिकामी. तिथे उडी घेण्यासाठीच इलेक्ट्रॉन लाल प्रकाश गिळतात. शिशाच्या डी-कक्षा पूर्ण भरलेल्या, त्यामुळे हा खेळ त्याला जमणाराच नाही.