परकी श्रद्धा आणि घरचे पाणी

धर्मविषयक वाङ्मयाचे मूल्यमापन करताना समीक्षेची दृष्टी बहुधा दोन टोकांकडे जाते. एक टोक सिद्धांताचे, दुसरे हौतात्म्याचे. लेखकाने कोणते मत स्वीकारले आणि त्यापायी काय सोसले, एवढे पाहिले की विवेचन पुरे झाले असे मानण्यात येते. वस्तुतः श्रद्धा वादसभेत किंवा वधस्तंभावर असते त्याहून कितीतरी अधिक काळ ती स्वयंपाकघरात, पाणवठ्यावर, लग्नकार्यात आणि प्रेताला खांदा देण्याच्या प्रसंगी असते. ज्या समाजात बहुसंख्यांचा धर्माचार हाच शिष्टाचार होऊन बसलेला आहे, तेथे निराळ्या देवाला भजणाऱ्या माणसाची खरी कसोटी याच ठिकाणी लागते. जपानी कादंबरीकार शुसाकु एन्दो (१९२३–१९९६) यांच्या कृती मराठी ख्रिस्ती वाङ्मयाशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे या कसोटीचे वाङ्मयीन महत्त्व स्पष्ट होते.

ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमा येथे उतरला, तेव्हा त्याच्यासोबत असलेल्या आंजिरो या जपानी गृहस्थाचा बाप्तिस्मा त्याच्या आदल्याच वर्षी गोव्यात झालेला होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले, त्यांत वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा होता. पुढे १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. ख्रिस्ताची वा मेरीची प्रतिमा पायाखाली तुडवायला लावून संशयितांची परीक्षा घेण्यात येऊ लागली आणि प्रत्येक कुटुंबाला आपले नाव एखाद्या बौद्ध मंदिरात नोंदवून घेणे भाग पडले. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले. परंतु पितरांचा देव्हारा, मंदिरातील नोंद आणि अंत्यविधी यांची जी सांगड दोन शतकांत पक्की बसली होती, ती कायद्याबरोबर नाहीशी झाली नाही. आजही जपानात ख्रिस्ती माणसे शेकड्यात एकाच्या आसपास आहेत. घरातील पितरांच्या देव्हाऱ्यापुढे हात जोडावेत की नाही, हा त्यांच्यापुढील प्रश्न धर्मशास्त्राचा खरा; पण तो विचारला जातो तो सासूसासऱ्यांच्या समोर.

एन्दो यांना बालवयातच, आईच्या इच्छेने, कॅथलिक पंथाचा बाप्तिस्मा मिळाला. हा धर्म म्हणजे आईने अंगावर चढविलेला, मापात न बसणारा पाश्चात्त्य पोशाख आहे, अशा आशयाची प्रतिमा त्यांनी स्वतःच वापरली आहे. तो पोशाख टाकवतही नाही आणि अंगाला लागतही नाही, या अवघडलेपणातून त्यांचे लेखन निर्माण झाले. ‘मौन’ (१९६६) या कादंबरीत पोर्तुगीज पाद्री रॉड्रिग्ज इतरांचा छळ थांबावा म्हणून प्रतिमेवर पाय ठेवतो. वाचकांची आणि टीकाकारांची सारी दृष्टी या एका क्षणावर खिळलेली असते. परंतु कादंबरी तेथे संपत नाही. त्याला जपानी नाव मिळते, जपानी पत्नी मिळते आणि एदो येथील बंदिस्त वाड्यात त्याचे उरलेले आयुष्य जाते. हा भाग एन्दो एका अधिकाऱ्याच्या कोरड्या नोंदवहीच्या रूपाने परिशिष्टात देतात. धर्मत्याग एका क्षणाचा, परंतु त्यानंतरचे जगणे वर्षानुवर्षांचे. आणि त्या जगण्याबद्दल सरकारी दप्तरापलीकडे कोणाला काही सांगता येत नाही. हे परिशिष्ट गाळून ‘मौन’ वाचणाऱ्याच्या हाती अर्धीच कादंबरी येते.

‘खोल नदी’ (१९९३) या उत्तरायुष्यातील कादंबरीत एन्दो हा प्रश्न घेऊन थेट वाराणसीत येतात. ओत्सु हा भाबडा जपानी तरुण फ्रान्समधील धर्मगुरूंना परका वाटतो, कारण त्याचा ख्रिस्त सर्व धर्मांतून वावरतो. आणि जपानी सोबत्यांना तो परका वाटतो, कारण त्याला ख्रिस्त सोडवत नाही. अखेर तो साधूंच्या आश्रमात राहून, मरणासन्न निराधारांना पाठीवर घेऊन गंगेपर्यंत पोहोचवतो. प्रेत उचलणाऱ्याला त्याचा धर्म विचारण्याची कोणास गरज भासत नाही, ही एन्दो यांना गवसलेली वाट आहे. कल्पना उदात्त आहे. तरीही एक वाङ्मयीन उणीव मान्य करावी लागते. ओत्सु हा माणूस होण्याऐवजी एक आशय होऊन राहतो. तो ओझे वाहतो, परंतु कोणाच्या पंक्तीला बसतो, कोणाच्या घरातून उठविला जातो, हे कादंबरीला फारसे दिसत नाही. एन्दो यांची काशी ही यात्रेकरूची काशी आहे. तेथे नदी आहे, चिता आहेत, गर्दी आहे, शेजार नाही.

हा शेजार पाहावयाचा तर दशाश्वमेधाच्या दक्षिणेस असलेल्या राजा घाटासारख्या ठिकाणी थांबावे लागते. पेशवे घराण्याशी, विशेषतः अमृतराव पेशव्यांच्या नावाशी, निगडित असलेला हा घाट म्हणजे काशीतील मराठी जगाची दगडी खूण आहे. पेशवाईच्या दानधर्माच्या आधाराने दक्षिणी ब्राह्मणांची कुटुंबे या नगरीत पिढ्यान्पिढ्या नांदली. शास्त्रचर्चा, संध्यावंदन, पंक्तिभोजन आणि सोयरीक या चार खांबांवर त्यांचे जीवन उभे होते. अशाच एका कोकणस्थ घराण्यातील नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) ख्रिस्ती मताचे खंडन करण्यास पुढे सरसावले आणि त्या वादातूनच उलट दिशेला गेले. १४ मार्च १८४८ रोजी काशीपासून दूर, जौनपूर येथे, त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले. वरील चारही खांब एकाच दिवशी कोसळले. पत्नी लवकरच निवर्तली. काशीतच १८५३ मध्ये जन्मलेली मुलगी एलेन परक्या कुटुंबांत वाढली आणि पुढे तिने भक्तिगीते रचली ती इंग्रजीत.

या आयुष्यात कादंबरीकाराला दुर्मीळ वाटावी अशी सामग्री आहे. परंतु गोऱ्हे यांचा कीर्तिस्तंभ म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) हा हिंदी ग्रंथ तर्काचा आहे. सहाही दर्शनांची उलटतपासणी तो काटेकोरपणे करतो, आणि ज्या नगरीत ती दर्शने शिकविली जात त्या नगरीत उंबऱ्याबाहेर पडलेल्या माणसाचा दिवस कसा उजाडे व कसा मावळे याविषयी मौन पाळतो. याचा दोष एकट्या गोऱ्हे यांना देता येणार नाही. ते शास्त्री होते. पूर्वपक्ष मांडून उत्तरपक्षाने तो खोडणे हीच त्यांची भाषा होती. धर्म बदलला, रीत बदलली नाही. खंडनमंडनाच्या या रीतीत सिद्धांताला जागा आहे, विरहाला नाही.

ही जागा मराठीत लक्ष्मीबाई टिळकांनी निर्माण केली. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो पाच वर्षांनी, १९०० मध्ये घेतला. १९३४ पासून ग्रंथरूपाने भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’चा गाभा या पाच वर्षांच्या अंतरात आहे. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणाऱ्या वडिलांच्या सोवळ्यात वाढलेली ही बाई ख्रिस्ती नवऱ्याकडे परत येते ती आपले पाणी आणि आपली चूल वेगळी ठेवून. तिच्या लेखी धर्मभेद म्हणजे त्रैक्य आणि अद्वैत यांतील भेद नव्हे. तो एका घागरीचा आणि दुसऱ्या घागरीचा भेद आहे. जातिभेद देवाने केला नसून माणसाने केला, या निर्णयावर ती कोणत्याही वादग्रंथाच्या आधाराने येत नाही. स्वतःशीच विचार करीत ती तेथे पोहोचते आणि मग सोवळे गळून पडते. गोऱ्हे यांनी ज्याचे प्रमाण दिले नाही ते येथे एका अल्पशिक्षित स्त्रीने दिले आहे, आणि तेही स्वतःला हसत हसत. हा विनोद अलंकार म्हणून आलेला नाही. स्वतःच्या अडचणीकडे थोडे दूर उभे राहून पाहण्याची शक्ती तिला जेव्हा येते, तेव्हाच ती अडचण वाचकाच्या घरातील होते.

आत्मचरित्राची मोजपट्टी कादंबरीला लावणे योग्य नव्हे, असा आक्षेप येथे संभवतो. त्यात तथ्य आहे. लक्ष्मीबाईंच्या पाठीशी अहमदनगर-राहुरीचा ख्रिस्ती समाज होता, अभंग-ओवीची रुळलेली वाट होती, ‘ख्रिस्तायन’ पुरे करण्याचा वारसा होता. एन्दो यांचा नायक एकटा आहे आणि ते एकटेपण त्यांच्या समाजाशी प्रामाणिक आहे. जपानी भूमीत परके बीज कुजते, की तेथे रुजताना ते निराळेच झाड होते, हा ‘मौन’मधील प्रश्न मराठीने इतक्या तीव्रतेने स्वतःला विचारलेला नाही, कारण सतराव्या शतकाच्या आरंभीच ‘ख्रिस्तपुराणा’ने ओवीला आपलेसे करून त्याचे एक उत्तर देऊन ठेवले होते. दुसरी मर्यादा मराठी बाजूची आहे. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजांतून आले. त्यांच्या दृष्टीने घागरीचा प्रश्न उलट बाजूने होता : त्यांना पाणी सोडावयाचे नव्हते, मिळवावयाचे होते. ‘स्मृतिचित्रे’ या अनुभवाच्या दारापर्यंत प्रेमाने जाते. आत प्रवेश करणे तिच्या लेखिकेच्या जन्मामुळेच तिला पुरते शक्य नव्हते.

या मर्यादा ध्यानात घेऊनही एक निष्कर्ष टिकतो. एन्दो यांच्या परिशिष्टातील नोंदवही आणि लक्ष्मीबाईंची वेगळी चूल ही एकाच सत्याची दोन रूपे आहेत. श्रद्धेचा निर्णय कितीही मोठा असो, त्याची किंमत सुट्या नाण्यांत, रोज, चुकवावी लागते. आणि ती चुकविताना माणूस कसा दिसतो हे दाखविणे हे वाङ्मयाचे काम आहे. वादग्रंथ वाद संपला की जुना होतो. राजा घाटाच्या पायऱ्यांवर वावरलेल्या मराठी समाजाने आपल्यातून उठून गेलेल्या माणसाचे काय केले आणि त्या माणसाने आपल्या एकाकी दिवसांचे काय केले, ही कथा मराठीत अद्याप लिहिली जावयाची आहे. जो लेखक ती लिहील त्याला ‘षड्दर्शनदर्पण’ माहीत असणे आवश्यक ठरेल. परंतु त्याला लिहावयास शिकवील ती ‘स्मृतिचित्रे’च.