निवाऱ्याचा हिशेब

महाजनांच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जात असता नंदादीपाच्या तेलाची रक्कम आली, की एखादा वृद्ध महाजन हमखास उभा राहतो. तेल किती आणले हे त्याला खजिनदाराच्या वहीवरून कळलेलेच असते. दीप रात्रभर तेवत होता काय, हे त्याला विचारावयाचे असते. गोव्यातील देवस्थानांचे हिशेब प्रशासकापुढे ठेवण्याची व्यवस्था १९३३ च्या नियमावलीने केली खरी; परंतु या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही वहीत नसते. ते पहाटे देवळात जाणाऱ्यापाशीच असते.

पावती आणि दीप यांतील हा भेद मनात धरून, बेघरांच्या निवाऱ्यांवर सार्वजनिक पैशातून होणाऱ्या खर्चाचा व त्यावरील सरकारी देखरेखीचा विचार आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली; त्यांपैकी सुमारे ९ लाख ३८ हजार शहरांत होती. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा एक भाग म्हणून केंद्र सरकारने २०१३ साली शहरी बेघरांसाठी निवाऱ्यांची योजना आखली. तिच्या मार्गदर्शक सूचना वाचताना प्रथम समाधानच वाटते. दर लाख लोकवस्तीमागे किमान १०० जणांची कायमची सोय, माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, स्वयंपाकाची व्यवस्था आणि सर्व ऋतूंत चोवीस तास उघडे दार, असे त्यांचे स्वरूप. त्यांत करुणा आहे आणि मोजमापही आहे. सरकारी लिखाणात या दोहोंची गाठ क्वचितच पडते.

उणीव आहे ती हे मोजमाप कोणी करावयाचे या ठिकाणी. निवारा मागणार नगरपालिका, उभारणार तीच, चालविणार ती किंवा तिने नेमलेली संस्था, आणि तो यथास्थित चालला असल्याचे वर कळविणारीही बहुतांशी तीच. मग वरच्या कचेरीत पोहोचते ती मंजूर इमारतींची, खाटांची आणि खर्ची पडलेल्या रुपयांची संख्या. त्या खाटांवर काल रात्री कोण निजले, दारावरून कोणास परत धाडले, एकटी स्त्री तेथे निर्भयपणे राहू शकते काय, हे रकाने त्या तक्त्यात सहसा नसतात. ज्याने तेल आणले त्यालाच दीप तेवत होता काय असे विचारावे, तसाच हा प्रकार होय.

म्हणूनच देखरेखीचे ओझे वारंवार न्यायालयावर येऊन पडले. डिसेंबर २००९ मध्ये, ऐन थंडीत, दिल्लीच्या पुसा रोडवरील एक तात्पुरता निवारा महापालिकेनेच पाडला. जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवाऱ्यांची सोय करण्याचे आदेश द्यावे लागले. पुढे योजना आली, निधी आला. तरीही नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचे मुख्य काम राज्याराज्यांतील निवारे प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचे होते. २०१७ साली समोर आलेले चित्र अपुऱ्या निवाऱ्यांचे, तुटपुंज्या सोयींचे आणि न वापरलेल्या निधीचे होते. आम्हांस यातील 'प्रत्यक्ष' हा शब्द सर्वांत बोलका वाटतो. अहवालांचे ढीग असताना न्यायालयाला माणसे पाठवावी लागतात, याचा अर्थ त्या ढिगांत उत्तर नव्हते.

निधी वाढला म्हणजे हा दोष आपोआप नाहीसा होईल, असे कोणी समजू नये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१८-१९ ते २०२२-२३ या पाच आर्थिक वर्षांत बेघरांच्या प्रश्नावर सुमारे २४ अब्ज डॉलर खर्च केले. एप्रिल २०२४ मध्ये तेथील राज्य लेखापरीक्षकांनी पाच कार्यक्रम तपासले. त्यांपैकी दोन किफायतशीर दिसले. उरलेल्या तिहींविषयी मत देण्यापुरती माहितीच गोळा केलेली नव्हती. संपन्न राज्यातही पावत्या होत्या, परंतु दीपाची खबर नव्हती.

तपासणीचा जाच वाढला तर सेवाभावी संस्था पुढे येणार नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वथा निराधार नाही. दिवसभर कागद भरणाऱ्या कार्यकर्त्यास रात्री माणसाची विचारपूस करण्यास त्राण उरत नाही. आणि कागदाचा आग्रह दारापर्यंत आला, तर ज्याच्यापाशी कसलाच कागद नाही तोच बाहेर राहतो. यास्तव आमची मागणी अधिक कागदांची नाही. तपासनीस चालविणाऱ्याहून निराळा असावा, त्याने न कळविता रात्री जावे, तेथे राहणाऱ्यांशी बोलावे आणि जे पाहिले ते नागरिकांसाठी दारावर लावावे, इतकेच आम्ही म्हणतो.

आमच्या देवस्थानांच्या अग्रशाळांविषयीही एक शब्द प्रांजळपणे लिहिला पाहिजे. त्या महाजनांसाठी, कुळाव्यांसाठी आणि यात्रेकरूंसाठी उघडतात. रस्त्यावरील निराश्रितास तेथे जागा सहसा मिळत नाही. तेव्हा करुणेचे धडे देण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु हिशेब विचारण्याची सवय आमच्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि सरकारचा पैसा म्हणजे परक्याचा पैसा नव्हे. आपल्या शहरात असा निवारा असेल, तर पावसाळ्यातील एखाद्या रात्री वाचकांपैकी दोघाचौघांनी तेथे जावे. दार उघडे आहे काय, खाटा किती आणि माणसे किती, हे पाहावे. आणि परतताना वाटेत दुकानांच्या फळ्यांवर किती जण भिजत निजले आहेत, तेही मोजून यावे.