रिकामे ताट : बाळ नामदेवाच्या आख्यानाचे वाचन

चातुर्मासात आमच्या ओटीवर पोथी चालते. यंदा महिपतीबुवांचा 'भक्तविजय' घेतला होता. बाळ नामदेवाच्या नैवेद्याचा प्रसंग वाचून झाला आणि मी समोरच्या मुलांना विचारले, "नामदेवाचे धैर्य कुठे दिसले रे?" सगळी एका सुरात म्हणाली, "देव जेवत नाही म्हणून डोके आपटायला निघाला तिथे!" मागे बसलेली एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, "आजोबा, घरी जाऊन खरे सांगितले तिथे."

त्या उत्तरावर मी पोथी बांधली. त्या रात्री मला झोप लागली नाही. आयुष्यभर कीर्तनात हा प्रसंग सांगितला, पण या जागेवर मी कधी थांबलोच नव्हतो.

कथा आपण सारे जाणतो. दामाशेटी बाहेरगावी गेलेले, म्हणून गोणाई लेकराच्या हाती नैवेद्य देऊन त्याला राउळात धाडते. लेकरू ताट ठेवून वाट पाहते. देव जेवत नाही. ते विनवते, रडते, शेवटी पायांवर डोके फोडायला निघते, आणि देव जेवतो. आम्ही कीर्तनकार इथे मृदंग चढा लावतो, टाळकरी पुढे सरसावतात, श्रोते विठ्ठलाचा गजर करतात, आणि पुढचे सारे दोन वाक्यांत उरकते.

आता ओव्या शांतपणे वाचून पाहा. देवापुढे त्या बाळाला धैर्याची गरज होती का? देव जेवत नसतो हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. आईने काम सांगितले, ते पुरे व्हायला हवे एवढेच त्याला ठाऊक. तो हट्ट निरागसतेचा आहे, आणि त्या हट्टामागे थोडी भीतीही आहे. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवरायांची 61 पदे आहेत. त्यातल्या राग भैरवातल्या एका पदात हाच प्रसंग दुधाच्या वाटीचा आहे. तिथे नामा देवाला म्हणतो की तू प्यायला नाहीस तर घरी वडील रागावतील. तिथे डोके फोडणे नाही. देव दूध पितो, भक्त घरी जातो, दर्शन होते आणि पद संपते.

महिपतीबुवांचे मोठेपण मला इथेच वाटते. 1762 साली पुऱ्या झालेल्या या ग्रंथात ते कथा राउळात संपवत नाहीत, लेकराला रिकामे ताट घेऊन घरी आणतात. आई विचारते, नैवेद्य कुठे? "मीच खाल्ला" म्हटले असते तर चार शब्द ऐकावे लागले असते आणि प्रकरण मिटले असते. खोटे सोपे होते, पटण्याजोगेही होते. नामदेव मात्र जे घडले तेच सांगतो. साक्षीदार कोणी नाही, पुरावा म्हणून एक रिकामे ताट, आणि तेच उलट त्याच्यावर आळ आणणारे. धैर्य ते हे.

एक उणेही सांगतो. देव जेवलेला आपण श्रोत्यांनी आधीच पाहिलेला असतो. म्हणून आईबापांच्या संशयाला आपण हसतो आणि स्वतःला नामदेवाच्या बाजूचे समजतो. खरे तर आपण बहुतेक वेळा दामाशेटींच्या जागी असतो.

मी होतो. चाळीसेक वर्षांमागे एका गावी हेच आख्यान लावले होते. कीर्तनानंतर आरतीच्या ताटातली दक्षिणा दिसेना. ताट धरून उभा होता टाळ शिकायला येणारा दहा-अकरा वर्षांचा पोर. मी चारचौघांत त्याला विचारले. "मी नाही घेतली, बुवा," एवढेच तो म्हणाला, तेही मान वर करून. मला तो उद्धटपणा वाटला. घरी आल्यावर उपरण्याची घडी सोडली, तर पैसे त्यातच होते. मीच बांधून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याच्यापुढे हात जोडायला हवे होते. लाज आड आली. तो पोर पुन्हा टाळ घ्यायला आला नाही.

दामाशेटी माझ्याहून थोर. संशय आला तरी ते लेकराबरोबर राउळात गेले, स्वतः पाहायला. मी घरातल्या घरात खरे कळूनही गेलो नाही.

म्हणून पोथी वाचणाऱ्या माउलींना एवढीच विनंती. मुलांपुढे डोके फोडण्याचे कौतुक करू नका. लेकरे ऐकतात तसे करू पाहतात. रिकाम्या ताटापाशी थांबा, आणि मुलांना विचारा, "तुम्ही काय सांगितले असते?" मग मोठ्यांना विचारा, "तुम्ही विश्वास ठेवला असता का?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागेल. लागू द्या.

पंढरीस महाद्वारी नामदेव पायरीशी आपण पाय न लावता वाकतो. यंदा गुडघे साथ देतील तर मीही वाकेन. तो पोर आता पन्नाशीचा झाला असेल. कोकणातल्या एखाद्या दिंडीत असलाच, तर त्याच्याही पाया पडायचे राहिले आहे.

रामकृष्ण हरी.