परदुःखाचे गद्य

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत ‘ख्रिस्ती वाङ्मय’ अशा मथळ्याचे एक प्रकरण बहुधा असते, आणि ते बहुधा लवकर संपते. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’, ‘ज्ञानोदय’ पत्र, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’, रेव्हरंड टिळकांची कविता, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ इतकी नावे घेतली की इतिहासकाराचे कर्तव्य पार पडते. परदेशातून आलेल्या मिशनांनी दुष्काळ, प्लेग आणि कुष्ठरोग यांनी गांजलेल्या लोकांत जे काम केले त्याचा उल्लेख झालाच तर समाजसेवेच्या सदरात होतो. त्या कामाच्या पोटी जे गद्य जन्मले, ते गद्य म्हणून कसे आहे हे पाहण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. भक्तांनी ते पवित्र मानले आणि विरोधकांनी ते प्रचारकी मानले. दोघांनीही ते वाचले नाही, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

माझ्या मनात हा विषय घोळू लागला तो एका अनुवादाच्या निमित्ताने. मी जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये राहतो. शहर एके काळच्या मध्य प्रांतातले. लेओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजमुळे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या वर्तुळात त्याचे नाव परिचित आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी कुटुंबेही येथे आहेत. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने आपला शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा इंग्रजी वृत्तांत मराठीत करून देण्याचे काम माझ्याकडे सोपविले. दुष्काळातल्या मुलींविषयीच्या मजकुरात एकजात कर्मणिप्रयोग होता. मुली आणल्या गेल्या, न्हाऊ घातल्या गेल्या, मोजल्या गेल्या, शाळेत घातल्या गेल्या. इंग्रजीत ही रचना डोळ्यांना खुपत नाही. मराठीत मात्र दुसऱ्याच वाक्याला अनुवादक अडखळतो, कारण आपल्या भाषेची स्वाभाविक वृत्ती ‘कोण आले, कोणी आणले’ हे विचारण्याची आहे. त्या चालत आल्या होत्या हे पुढच्याच पानावरून स्पष्ट होत होते, म्हणून मी ‘मुली आल्या’ असे लिहिले. छापील प्रत हाती पडली तेव्हा तेथे ‘मुलींना आणण्यात आले’ असे होते. मी तक्रार केली नाही; मानधन घेतले आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचे शल्य मात्र राहिले.

ही व्याकरणाची कुरकुर नव्हे. मिशनचा वृत्तांत समुद्रापलीकडच्या देणगीदारासाठी लिहिला जाई. त्याच्यासोबत बरगड्या दिसणाऱ्या मुलांची छायाचित्रे जात. देणगीदाराला कृती हवी असते आणि त्या कृतीचा कर्ता आपला माणूस असावा लागतो. साहजिकच दुःखित माणूस वाक्यात कर्मस्थानी जाऊन बसतो. अशा गद्यात त्याला पूर्वायुष्य नसते. मिशनरी भेटला त्या दिवशी त्याचा जन्म होतो. त्याची भूक खरी असते, तिचे वर्णनही खरे असते, पण ती भूक कोणाची हे कळत नाही. लेखकाच्या हेतूविषयी मी येथे बोलत नाही. त्यांतल्या कित्येकांनी आपले आयुष्य, काहींनी आपली मुले, या मातीत ठेवली. प्रश्न असा आहे की इतक्या प्रामाणिक कळवळ्यातून इतके निर्जीव गद्य का निपजावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना पंडिता रमाबाईंकडे वळावे लागते. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या, दुष्काळ-छावण्या आणि अनाथगृहे त्यांनी पाहिली, आणि तरुण मुलींना तेथे भुकेइतकेच माणसांपासून भय आहे हे ओळखून शेकडो मुली-स्त्रियांना पुण्याकडे नेले. पुढे केडगावी ‘मुक्ति’ उभी राहिली. १९००च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारावर गेली. या अनुभवांविषयीचे त्यांचे लेखन इंग्रजीत आहे आणि तेही मुख्यतः परदेशी सहानुभूतिदारांसाठीच आहे. म्हणजे साचा तोच. तरीही ते वाचताना आपण वेगळ्या हवेत येतो. कारण छावणीतल्या मुलींकडे पाहताना रमाबाईंना १८७०च्या दशकातला दक्षिणेतला दुष्काळ आठवतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण यांना त्यांनी त्याच दिवसांत गमावले. रानातला पाला खाऊन दिवस काढले. आईच्या तिरडीला खांदेकरी पुरेनात तेव्हा त्यांनी स्वतः एक बाजू उचलली, आणि उंची अपुरी पडली म्हणून ती डोक्यावर घेतली.

ज्या लेखिकेने हे सोसले तिला भुकेल्या मुलीचे पूर्वायुष्य वेगळे शोधावे लागत नाही. बारीकसारीक तपशील त्या अचूक टिपतात: लाज, घाण, आणि अन्नाची हाव. भुकेने माणूस उदात्त होत नाही, तो ओरबाडू लागतो, हे त्या लपवीत नाहीत. देणगीदाराला न रुचणारी ही गोष्ट आहे. वृत्तांतात परदुःख असते, रमाबाईंच्या लेखनात ते ‘पर’ राहत नाही, आणि त्यामुळे दयेचा सूर लागण्याआधीच त्यांचे वाक्य पुढे सरकते. हीच लेखणी त्यांनी १८९७ सालीच सरकारविरुद्धही चालविली. पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांचे काय हाल होतात याविषयीचे त्यांचे पत्र ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये प्रसिद्ध झाले, त्याचे पडसाद थेट पार्लमेंटात उमटले आणि गव्हर्नरांना आरोप नाकारावे लागले. मिशनरी गद्य सत्तेशी सदैव सलोख्याने वागते, असे म्हणणाऱ्यांनी एवढे एक पत्र तरी ध्यानात घ्यावे.

परंतु आक्षेपाची दुसरी बाजू टाळून चालणार नाही. अन्न पुढे करून धर्म दिला, हा तो आक्षेप. शारदा सदनावर तो १८९३ सालीच आला. रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. स्वातंत्र्यानंतर आमच्या मध्य प्रदेशातच भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५६च्या अहवालात हा प्रश्न शासकीय भाषेत पुन्हा मांडला. प्रश्न न्याय्य आहे. उपाशी मुलाच्या होकाराला किती किंमत द्यावी, हे कोणत्याही धर्माच्या सेवकाला विचारता आले पाहिजे. मला मात्र या वादात भाषेची एक गंमत दिसते. इंग्रजीत ‘सेव्ह’ हे एकच क्रियापद देहालाही लावतात आणि आत्म्यालाही; वृत्तांतलेखक त्याच्या आडोशाने एका अर्थातून दुसऱ्यात अलगद उतरतो. मराठीला ही सोय नाही. देह वाचतो आणि आत्म्याचे तारण होते. शिवाय सावकाराकडे गहाण टाकलेल्या वस्तूलाही आपण तारणच म्हणतो. नियोगी समितीचा सारा आक्षेप या एका शब्दाच्या दोन अर्थांत मावतो, आणि तरी मराठी ख्रिस्ती मंडळींनी तो शब्द निर्मळ मनाने पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे.

रमाबाईंच्या गद्याला आठवणीने वाचविले. लक्ष्मीबाई टिळकांच्या गद्याला वाचविले ते हसण्याने. ‘स्मृतिचित्रां’तल्या विनोदाची आपण इतकी वाखाणणी केली आहे की तो कशासाठी आहे हेच विसरलो. नगरच्या मिशनच्या परिसरात त्यांचा संसार झाला. प्लेग, दुष्काळ, पोरकी मुले हे सारे त्यांच्या दाराशी होते. त्याविषयी लिहिताना त्या हसतात ते प्रथम स्वतःच्या सोवळ्याओवळ्याला, स्वतःच्या अजाणपणाला, आणि टिळकांच्या अव्यवहारी औदार्याला. सेवा करणाराच जेथे हास्यास्पद ठरू शकतो तेथे सेवा घेणाऱ्याला मान खाली घालून बसावे लागत नाही. घरात आलेली माणसे त्यांच्या पुस्तकात भांडतात, रुसतात, कधी फसवितातही. उपकाराखाली दबलेले असे तेथे फारसे कोणी नाही. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनचे वेतन सोडले, त्यामागची अस्वस्थता समजून घ्यावयाची तर लक्ष्मीबाईंचे हे हसू जवळ ठेवूनच ती समजावी लागते. पगारी करुणेतला अवघडलेपणा दोघांनाही कळला होता. एकाने राजीनामा दिला, दुसरीने पुस्तक लिहिले.

या पुस्तकाचे इंग्रजीत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. जोसेफिन इंक्स्टर यांचा अनुवाद १९५० साली ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने आला. १९५६ साली त्याचा संक्षेप निघाला तेव्हा त्याचे नाव ‘फ्रॉम ब्रह्मा टू क्राइस्ट’ झाले. आठवणींच्या चित्रांचा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा रस्ता झाला, आणि बाईंची आडवळणे अर्थातच वाटेत गळाली. २०१७ साली शांता गोखले यांनी संपूर्ण ‘स्मृतिचित्रे’ इंग्रजीत आणली. तिच्या उपशीर्षकात धर्म नाही, तेजस्वी पत्नी आहे. प्रत्येक पिढी आपापल्या वृत्तांतासाठी या बाईला ‘आणते’. ती आपल्या पायांनी चालत आली होती, हे सांगणारे शीर्षक शेवटी मूळ मराठीच.

आमच्या नर्मदेच्या खोऱ्यातले उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. ऑक्सफर्डचे व्हेरिअर एल्विन १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले आणि १९३२ साली शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्रासह तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये राहावयास गेले. तेथे त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान चालविले. धर्मांतर करावयाचे नाही हा त्यांचा निश्चय चर्चला मानवला नाही, आणि एल्विन चर्चपासून दूर गेले. त्यांची १९३६ सालची ‘लीव्हज फ्रॉम द जंगल’ ही दैनंदिनी लक्ष्मीबाईंच्या कुळातली आहे. सेवकाची फजिती हाच तिचा रस. पण हसण्यालाही मर्यादा असते. ज्या आत्मचरित्राला १९६५ साली साहित्य अकादेमीचा मरणोत्तर पुरस्कार मिळाला, त्यात आपल्या पहिल्या, गोंड पत्नीविषयी एल्विन जवळजवळ मुके होतात. इतरांच्या गाण्यांना, मिथकांना, लग्नविधींना ज्यांनी ग्रंथच्या ग्रंथ दिले, त्यांच्यापाशी या एका बाईसाठी वाक्ये उरली नाहीत. मला हे मौन त्या जुन्या कर्मणिप्रयोगापेक्षा अधिक बोचते, कारण कर्मणिप्रयोगात निदान कर्म असते.

शामराव हिवाळ्यांचे तर आपल्याला नावही धड माहीत नाही. नगरकडच्या मराठी वळणात वाढलेला हा गृहस्थ, एल्विन १९५४मध्ये ईशान्येकडे गेल्यावरही मागे राहिला. १९४६ साली त्यांनी परधानांवर आणि एल्विनांवर पुस्तके लिहिली, ती इंग्रजीत. आपल्याच प्रांतात, आपल्याच देशात परका होऊन राहण्याचा जो अनुभव त्यांनी घेतला तो लक्ष्मीबाईंच्या भाषेत उतरला असता तर काय झाले असते, हा विचार माझ्यासारख्या अनुवादकाला स्वस्थ बसू देत नाही. त्यांची पुस्तके मराठीत आणणे हे निदान हाती असलेले काम आहे, आणि त्याला हात घालण्याचे मी मनाशी ठरविले आहे.

येथवर ज्यांचा विचार केला ते सारे सांगणारे आहेत. ज्यांच्याविषयी सांगितले गेले त्यांची अक्षरे कोठे आहेत? एका ठिकाणी ती सापडतात, पण अप्रत्यक्षपणे. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचा मराठी अनुवाद करण्यात घालविली. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, त्यातले शब्द हिंदू धर्मकल्पना सोबत घेऊन येतात आणि अशिक्षित बाईला ते परके वाटतात, अशी त्यांची तक्रार होती. १९२२ साली त्या वारल्या. अनुवाद १९२४ साली छापून निघाला. वाङ्मयीन सौष्ठवाच्या दृष्टीने तो ओबडधोबड आहे आणि आमच्या समीक्षेने त्याची दखल घेतली नाही, हे समजण्यासारखे आहे. मी तो वाचतो तो वेगळ्या कारणासाठी. त्याचे खिळे केडगावच्या छापखान्यात सदनातल्या स्त्रियांनी जुळविले. कधीकाळी कोणत्या तरी वृत्तांतात ज्या मोजल्या गेल्या होत्या, त्या स्त्रिया एकेक अक्षर वेचून ओळीत बसवीत होत्या, उलटे वाचून तपासत होत्या, आणि चुकलेला खिळा काढून दुसरा लावीत होत्या.