क्योइची सावादा यांची युद्धछायाचित्रे : कर्त्याचा प्रश्न

युद्धाची छायाचित्रे स्वयंस्पष्ट असतात, त्यांना शब्दांची गरज नसते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. या प्रशंसेत वैचारिक शैथिल्य आहे. क्रिया सोसणारा छायाचित्रात दिसतो. क्रिया करणारा त्यात असतोच असे नाही. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर कर्म चौकटीत येते आणि कर्ता पुष्कळदा चौकटीबाहेर राहतो. जपानी वृत्तछायाचित्रकार क्योइची सावादा यांच्या दोन छायाचित्रांच्या आधारे हा प्रश्न तपासता येण्याजोगा आहे.

सावादा यांचा जन्म १९३६ साली उत्तर जपानमधील आओमोरी येथे झाला. मिसावा येथील अमेरिकी लष्करी तळावर कॅमेऱ्यांच्या दुकानात नोकरी केल्यावर १९६१ मध्ये ते युनायटेड प्रेस इंटरनॅशनल या वृत्तसंस्थेच्या टोकियो कार्यालयात रुजू झाले. १९६५ च्या आरंभी ते रजा काढून स्वतःहून व्हिएतनामला गेले. संस्थेने त्यांची तेथे रीतसर नेमणूक केली ती त्यानंतर.

सप्टेंबर १९६५ मध्ये बिन्ह दिन्ह प्रांतात घेतलेल्या त्यांच्या छायाचित्रात स्त्रिया व मुले खोल पाण्यातून नदी ओलांडताना दिसतात. ‘सुरक्षिततेकडे पलायन’ अशा अर्थाच्या नावाने ते ओळखले जाते. या नावात गंतव्य सांगितले आहे. अपादान सांगितलेले नाही. पलायन कोणापासून? व्हिएतकाँगचा आश्रय असल्याच्या संशयावरून गावावर होणाऱ्या अमेरिकी बाँबवर्षावापासून. ही माहिती चित्रात नाही आणि नावातही नाही. तिच्यावाचून पाहणाऱ्यास हे दृश्य एखाद्या महापुराचेही वाटेल. त्याची करुणा खरी असेल. परंतु ती कोणासही जाब विचारणार नाही.

फेब्रुवारी १९६६ मधील दुसऱ्या छायाचित्राची रचना याच्या उलट आहे. अमेरिकी चिलखती वाहनाच्या मागे दोराने बांधलेला व्हिएतकाँग सैनिकाचा मृतदेह फरफटत चालला आहे. येथे वाहन, दोर आणि देह, म्हणजे कर्ता, करण व कर्म, एकाच चौकटीत आहेत. आता शब्दांचे कार्यही पालटते. हा देह दफनाच्या जागी नेला जात होता, असे त्याच्या वर्णनात सांगितले जाते. पहिल्या छायाचित्रात शब्दांनी कर्ता पुरवावयास हवा होता. दुसऱ्यात शब्द हेतू पुरवितात आणि दृश्याची तीव्रता कमी करू पाहतात. तथापि हेतू कळल्यानेही दोर नाहीसा होत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, आकाशातील विमान आणि नदीतील माणसे एका चौकटीत आणणे कोणत्याही छायाचित्रकारास क्वचितच साधेल. हा आक्षेप मान्य करावयास हवा. मात्र त्याने दोष छायाचित्रकाराकडून वाचनपद्धतीकडे सरकतो. ही दोन छायाचित्रे अनुक्रमे १९६५ व १९६६ या वर्षांची ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ ठरली. १९६६ चे पुलित्झर पारितोषिक मात्र सावादा यांना एका चित्राबद्दल नव्हे, तर १९६५ मधील व्हिएतनाम युद्धाच्या एकूण छायाचित्रणाबद्दल मिळाले होते. लोकस्मृतीने त्या वर्षभराच्या कामातून नदीचे एकच चित्र उचलले. कर्ता दाखविणाऱ्या चित्रापेक्षा तो न दाखविणारे चित्र अधिक प्रिय व्हावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

स्वतः सावादा यांना ते चित्र पुरेसे वाटले नसावे. त्यांनी त्यातील कुटुंबांचा पुढे शोध घेतला आणि त्यांना आर्थिक साहाय्यही केले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. १९६८ मध्ये त्यांनी ह्युए शहरातील लढाई टिपली. २८ ऑक्टोबर १९७० रोजी कंबोडियात, सहकारी फ्रँक फ्रॉश यांच्यासमवेत, ते मारले गेले. तेव्हा त्यांचे वय ३४ वर्षांचे होते. रॉबर्ट कापा सुवर्णपदक त्यांना मरणोत्तर देण्यात आले.

सावादा यांच्या कार्याचे मूल्यमापन केवळ करुणेच्या निकषावर करणे म्हणूनच अपुरे ठरते. त्यांचे प्रत्येक छायाचित्र त्याच्या स्थळकाळासह आणि अन्य छायाचित्रांच्या सान्निध्यात वाचले पाहिजे. तसे वाचल्यास नदीतील त्या माणसांना भोवतालचे युद्ध परत मिळते, आणि त्या युद्धाला त्याचे कर्ते.